फुल्ली डिजिटल ॲम्प्लिफायर घरी बांधायचा, तर डिजिटल नेमकं कुठपर्यंत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे, त्यावर गाण्यांच्या फ्लॅक फाइल्स आहेत. ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर आहेत, त्यांची संवेदनशीलता ८६ डेसिबल, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर तेवढा आवाज. खोली बारा बाय चौदा फूट. फाइलमधले आकडे मधे कुठेही डॅक, म्हणजे आकड्यांचं ॲनालॉग व्होल्टेज करणारी चिप, न येऊ देता थेट स्पीकरपर्यंत न्यायचेत, म्हणजे ‘फुल्ली डिजिटल’ ॲम्प्लिफायर हवाय. तयार बोर्ड घ्यावा की पीसीबी स्वतः काढावा? आणि वडिलांचा रेकॉर्ड प्लेयर त्यालाच जोडता येईल का?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. पहिल्या खेपेला तयार बोर्ड घ्या. तो डिजिटल इनपुटचा आणि ‘क्लोज्ड लूप’ जातीचा, म्हणजे आउटपुट मोजून चूक सुधारणारा, फीडबॅकवाला असू द्या. जोडीला २४ व्होल्टचा खात्रीचा पॉवर सप्लाय घ्या, आणि आपला वेळ सप्लाय, आउटपुट फिल्टर आणि वायरिंग यांना द्या. ‘मधे डॅक नको’ ही अट मात्र सोडा. ही अट ऐकायला पटते, पण आवाजाचा दर्जा तिच्यावर ठरत नाही. तो ज्यावर ठरतो ती गोष्ट या साखळीच्या दुसऱ्या टोकाला असते.

असे बोर्ड ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायर असतात, म्हणजे त्यांचं आउटपुट झपाट्याने चालू-बंद होत राहतं. त्यातला ‘डी’ हे ए, बी, सी नंतरचं अक्षर आहे, त्याचा डिजिटलशी संबंध नाही. उदाहरणार्थ, बाजारात सगळीकडे मिळणारी टीपीए३११६ ही चिप बघा. त्यात ॲनालॉग सिग्नलची एका त्रिकोणी लहरीशी तुलना होते आणि त्यातून कमी-जास्त रुंदीचे पल्स निघतात. पल्स दिसायला चौकोनी असतात, पण रुंदी कोणतीही असू शकते. म्हणजे माहिती अजून ॲनालॉगच आहे, फक्त उंचीऐवजी रुंदीत भरलेली. दुकानदार याला डिजिटल ॲम्प्लिफायर म्हणतात. तुम्हाला हवाय तो प्रकार निराळा आहे: फाइलमधला आकडा घ्यायचा, काउंटरने तितके क्लॉक मोजायचे, तितका वेळ आउटपुटचं मॉस्फेट, म्हणजे स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर, चालू ठेवायचं.

हे ऐकायला इतकं सोपं आहे की मग सगळेच असं का करत नाहीत, असं वाटतं. एक गणित करून बघा. सीडीचा नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, आणि सेकंदाला ४४,१०० नमुने. प्रत्येक नमुन्याला एक पल्स द्यायचा आणि त्याची रुंदी ६५,५३६ पायऱ्यांत मोजायची, तर काउंटरला जवळजवळ २.९ गिगाहर्ट्झचं क्लॉक लागेल. शिवाय ४४.१ किलोहर्ट्झचं स्विचिंग ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या इतकं जवळ येतं की कोणताही साधा फिल्टर ते धड गाळू शकत नाही. म्हणून प्रत्यक्षात नमुन्यांचा दर आठपट करतात आणि पायऱ्या कमी करून २५६ वर आणतात. ३५२.८ किलोहर्ट्झ गुणिले २५६, म्हणजे साधारण ९० मेगाहर्ट्झ. ४८ किलोहर्ट्झच्या घराण्यात हाच आकडा ९८.३०४ मेगाहर्ट्झ होतो. हे क्लॉक साध्या चिपमध्ये जमतं.

पण १६ बिटांचे ८ बिट केले तर तपशील गेला कुठे? इथे ‘नॉइज शेपिंग’ येतं. वहीत शिल्लक पुढे ओढतात, तशी प्रत्येक वेळी पूर्णांकात बसवताना राहिलेली चूक पुढच्या नमुन्याच्या हिशेबात घ्यायची. एकेका पल्सची रुंदी ओबडधोबड असते, पण अनेक पल्सची सरासरी अचूक राहते, आणि चुकांमुळे होणारा खरखराट २० किलोहर्ट्झच्या वर ढकलला जातो. हे काम आज गणिताने उत्तम होतं. आकड्यांच्या बाजूला म्हणण्यासारखी अडचण उरलेली नाही.

अडचण आहे ती मॉस्फेटपाशी. ९८.३०४ मेगाहर्ट्झच्या क्लॉकची एक पायरी म्हणजे सुमारे १० नॅनोसेकंद. वरचं आणि खालचं मॉस्फेट एकाच वेळी चालू झालं तर सप्लाय सरळ शॉर्ट होतो. ते टाळायला दोघांच्या मधे थोडा वेळ दोन्ही बंद ठेवावी लागतात. त्याला ‘डेड टाइम’ म्हणतात, आणि तोही बऱ्याचदा याच मापाचा असतो: पाच, दहा, वीस नॅनोसेकंद. म्हणजे आकडे ज्या पायरीने इतके जपून मोजले, तेवढीच अनिश्चितता आउटपुटला येऊन बसली. वर ही चूक करंट कोणत्या दिशेला वाहतोय त्याप्रमाणे बदलते, म्हणून ती डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली विकृती, होऊन ऐकू येते. फाइलमधले आकडे कितीही निर्मळ असले तरी स्पीकरला आकडे मिळत नाहीत. त्याला मिळतो व्होल्टेज आणि वेळ यांचा गुणाकार, आणि हे दोन्ही ॲनालॉग आहेत.

यातलं व्होल्टेज तर आणखी महत्त्वाचं. फीडबॅक नसलेल्या, म्हणजे ‘ओपन लूप’ डिजिटल ॲम्प्लिफायरमध्ये सप्लायचं व्होल्टेज हेच ॲम्प्लिफायरचं गेन असतं, म्हणजे सिग्नल किती पट वाढणार ते त्यावर ठरतं. सप्लाय एक टक्का हलला की आवाज एक टक्का हलतो. समजा २४ व्होल्टवर १०० हर्ट्झची २४० मिलिव्होल्टची लहर आहे. बासरीचा १ किलोहर्ट्झचा सूर चालू असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना ९०० आणि १,१०० हर्ट्झवर दोन परके सूर उभे राहतात, मूळ सुरापेक्षा जेमतेम ४६ डेसिबल खाली. गाणं थांबलं की तेही थांबतात, म्हणून कान लावून ‘हम’ शोधणाऱ्याला काही सापडत नाही. पुलासारख्या जोडणीत, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं ॲम्प्लिफायरच हलवतो त्या बीटीएलमध्ये, शांततेतली लहर दोन्ही बाजूंना सारखी असल्याने कापली जाते, पण सिग्नल आला की वरचा परिणाम होतोच.

हे मी पहिल्यांदा कानाने पकडलं ते एका ओपन लूप बोर्डवर. सप्लाय म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर होता. गायनाची रेकॉर्डिंग लावली की डग्ग्यावर जोराची थाप पडताच तंबोऱ्याचा सूर किंचित दबायचा आणि लगेच वर यायचा. दोन दिवस मी फिल्टरमध्ये दोष शोधत होतो. शेवटी ऑसिलोस्कोप, म्हणजे स्कोप, लावला. अडॅप्टरच्या तोंडाशी १९ व्होल्ट जागचे हलत नव्हते, पण बोर्डच्या टर्मिनलवर थापेसरशी ते १८.२ पर्यंत खाली येत होते. दोन मीटरची बारीक वायर आणि साधा डीसी जॅक मिळून ०.२ ओहम, त्यातून ४ अँपिअर, झाले ०.८ व्होल्ट. वायर जाड आणि अर्धा मीटर केली, जॅक काढून स्क्रू टर्मिनल लावलं, बोर्डजवळ २,२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला आणि तंबोरा स्थिर झाला. या दुरुस्तीत डॅकचा काडीचाही संबंध नव्हता.

या प्रकाराचा इतिहासही हेच सांगतो. १९९०च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कच्या टोकाटा टेक्नॉलॉजीने ‘इक्विबिट’ नावाचं तंत्र काढलं आणि त्यावर टॅक्ट कंपनीचा मिलेनियम हा ॲम्प्लिफायर आला. त्यात आवाज कमी-जास्त करायला आकडे छाटण्याऐवजी सप्लायचं व्होल्टेजच बदलत. फार सुंदर कल्पना आहे, कारण सप्लाय हेच गेन असण्याचा दुर्गुण तिथे कामाला लावला होता. २००० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टोकाटा विकत घेतली, मग हे तंत्र स्वस्त चिपमध्ये आलं. पॅनासोनिकचे एसए-एक्सआर मालिकेतले रिसीव्हर त्यावरच होते. सोनीने ‘एस-मास्टर’ नावाने स्वतःची वाट काढली. ब्रिटनच्या झेटेक्सने डीडीएफए या तंत्रात आउटपुटची तुलना एका शुद्ध संदर्भाशी करून फक्त फरक आकड्यात बदलायचा आणि तो परत हिशेबात घालायचा, अशी युक्ती केली. २००९ चा एनएडी कंपनीचा एम२ हा ॲम्प्लिफायर त्यावर बांधलेला होता. म्हणजे अस्सल डिजिटलवाल्यांनाही शेवटी आउटपुट मोजून परत आणावंच लागलं. आणि इक्विबिटमागचे लार्स रिस्बो आज ज्या प्युरिफायचे सहसंस्थापक आहेत, ती कंपनी ॲनालॉग फीडबॅकवाले क्लास डी मॉड्यूल बनवते. आजच्या सर्वांत कमी डिस्टॉर्शनच्या ॲम्प्लिफायरमध्ये त्यांची गणना होते. ज्या माणसाने फुल्ली डिजिटल जवळून पाहिलं, त्याने शेवटी फीडबॅकला एवढं महत्त्व दिलं, याचा विचार तुम्हीही करा.

म्हणून बोर्ड निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: फीडबॅक कुठून घेतलाय? डेटाशीटच्या पहिल्या पानावर ‘क्लोज्ड लूप’ असं लिहिलेलं असतं, नसेल तर आकृतीत आउटपुटकडून मागे येणारी रेघ शोधा. टीएएस५७१३ ही चिप ओपन लूप आहे. रास्पबेरी पायवर बसणारे बोर्ड बनवणाऱ्या हायफायबेरीचा जुना अँप प्लस त्यावर होता. टीएएस५७५६एम क्लोज्ड लूप आहे, हायफायबेरी अँप२ वर तोच बसतो. त्याच्या पोटात खरं म्हणजे एक डॅक आहे आणि त्याच्यापुढे ॲनालॉग फीडबॅकचा क्लास डी. तुमच्या अटीप्रमाणे तो नापास होईल, पण साध्या सप्लायवर तो ओपन लूपवाल्यापेक्षा बराच स्वच्छ वाजेल. टीएएस५८२५एम हाही क्लोज्ड लूप, ४.५ ते २६.४ व्होल्टवर चालतो आणि आत डीएसपी, म्हणजे आवाजाच्या आकड्यांवर गणित करणारा भाग आहे. इन्फिनिऑनचा एमए१२०७०पी ४ ते २६ व्होल्टचा. त्याचं आउटपुट दोनपेक्षा जास्त पातळ्यांवर फिरतं, त्यामुळे गाणं नसताना तो फार कमी तापतो. बॅटरीवर चालवायचं असेल तर मी तो घेईन. तुमच्यासाठी ५७५६ किंवा ५८२५ यांपैकी जो सहज मिळेल तो. दोघांतला फरक तुमच्या स्पीकरवर डोळे मिटून सांगता येईल असं मला वाटत नाही.

ताकदीचा हिशेब स्वतः करा, खोक्यावरचा वाचू नका. बीटीएलमध्ये स्पीकरला जास्तीत जास्त सप्लायइतकं शिखर मिळतं. २४ व्होल्टला १.४१४ ने भागलं की १७ व्होल्ट, त्याचा वर्ग भागिले ८ ओहम, ३६ वॅट. मॉस्फेट आणि कॉइलमधली गळती धरून स्वच्छ ३० म्हणा. ८६ डेसिबलच्या स्पीकरला ३० वॅट म्हणजे एका मीटरवर १०१ डेसिबलच्या आसपास. बारा बाय चौदाच्या खोलीत शेजारी दार वाजवतील इतका हा आवाज आहे. याच सूत्राने १२ व्होल्टवर ४ ओहमला १८ वॅट निघतात. १२ व्होल्टच्या बोर्डवर ‘१०० वॅट’ छापलं असेल तर तो बोर्ड खाली ठेवा.

सप्लाय २४ व्होल्ट, ५ अँपिअर पुरे. बीआयएस नोंदणीची खूण असलेला घ्या. बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बघा. २४ व्होल्टच्या बोर्डवर २५ व्होल्टचे कंडेन्सर हमखास सापडतात. ते ३५ व्होल्टचे करून घ्या, काम दहा मिनिटांचं आहे. जोडीला २,२०० ते ४,७०० मायक्रोफॅरड घाला, त्यापुढे जाऊ नका. उत्साहाने १०,००० चे दोन लावले की पुष्कळ स्विचिंग सप्लाय सुरू होताना त्याला शॉर्ट समजतात आणि टिक टिक करत चालू-बंद होत राहतात.

आता फिल्टर. स्वस्त आणि चांगल्या बोर्डमधला फरक सर्वांत जास्त इथे दिसतो, आणि वाचणारे सर्वांत कमी लक्ष इथेच देतात. बीटीएलच्या प्रत्येक पायात, म्हणजे आउटपुटच्या दोन टोकांपैकी प्रत्येकात, एक कॉइल आणि तिथून ग्राउंडला एक कंडेन्सर असतो. प्रत्येक पायाला अर्धा स्पीकर दिसतो, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ४ ओहम. २२ मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरड ही जोडी घेतली तर फिल्टर ४१ किलोहर्ट्झला बसतो आणि ८ ओहमवर त्याचा क्यू ०.७ येतो. क्यू म्हणजे फिल्टरच्या कडेच्या आकाराचं माप: ०.७ ला सपाट, त्याहून फार कमी तर आधीच घट, फार जास्त तर उंचवटा. २० किलोहर्ट्झला घट फक्त पाव डेसिबल. अगदी सरळ रेघ. आता त्याच बोर्डला ४ ओहमचा स्पीकर लावा. क्यू ०.३५ वर उतरतो, १० किलोहर्ट्झला सव्वा डेसिबलच्या वर घट आणि २० किलोहर्ट्झला तब्बल ४ डेसिबल. झांजांची चमक गेली, आणि ऐकणारा म्हणणार, ‘हा ॲम्प्लिफायर उबदार आहे.’ उलट १० मायक्रोहेन्री आणि १.५ मायक्रोफॅरडची ४ ओहमसाठीची जोडी ८ ओहमला लावली की वरच्या टोकाला उंचवटा येतो आणि आवाज टोचायला लागतो. क्लास डी कोरडा वाजतो, डिजिटल कर्कश वाजतं, अशा ज्या तक्रारी मी ऐकतो त्यातल्या कितीतरी इथे येऊन संपतात. बहुतेक चिपमध्ये फीडबॅक फिल्टरच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळे क्लोज्ड लूप असूनही ही चूक तो सुधारू शकत नाही. फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेणारे हायपेक्स आणि प्युरिफायचे मॉड्यूल यातून सुटतात, आणि त्यांच्या किमतीचं एक कारण तेच आहे.

तर बोर्ड हातात आला की कॉइलवरचा आकडा वाचा. २२० लिहिलं असेल तर २२ मायक्रोहेन्री, १०० लिहिलं असेल तर १०. तुमच्या ८ ओहमला पहिला बरा. कॉइल संतृप्त होता कामा नये. २४ व्होल्टवर ८ ओहमला ३ अँपिअरचं शिखर येतं, पण स्पीकरचा इम्पिडन्स मधेच ५-६ ओहमवर उतरतो, म्हणून निदान ६ अँपिअर झेपणारी, बंद फेराइटची कॉइल हवी. कंडेन्सर फिल्मचा, ६३ किंवा १०० व्होल्टचा. इथे छोटे सिरॅमिक वापरलेले दिसले तर सावध व्हा. आउटपुटच्या प्रत्येक टोकावर कायम १२ व्होल्ट डीसी उभे असतात. एक्स७आर सिरॅमिकचं मूल्य डीसी व्होल्टेजखाली घटतं आणि सिग्नलबरोबर हलतं. म्हणजे फिल्टर स्वतःच गाण्याच्या तालावर बदलत राहतो.

या १२ व्होल्टमुळेच एक ताकीद देतो, ती मनावर घ्या. बीटीएलमध्ये स्पीकरची वजा बाजू म्हणजे ग्राउंड नाही. तिथे स्कोपच्या प्रोबची मगरपिन लावलीत तर आउटपुट सरळ अर्थिंगला शॉर्ट होतं. माझा एक बोर्ड असाच गेला, आवाजही न करता. दोन प्रोब वापरा आणि स्कोपवर वजाबाकी करा. तसंच डाव्या-उजव्या स्पीकरची वजा टोकं एकत्र बांधणारा जुना स्विच बॉक्स किंवा हेडफोनचा जॅक अशा ॲम्प्लिफायरला चालत नाही.

रास्पबेरी पायकडून आवाजाचे आकडे आयटूएस या जोडणीच्या तारांनी येतात. बोर्ड थेट पायवरच बसवणार असाल तर या तारांचा प्रश्नच नाही. वेगळा बोर्ड असेल तर तारा आठ-दहा सेंटीमीटरच्या आत ठेवा आणि प्रत्येकीच्या शेजारी एक ग्राउंड घ्या. ४८ किलोहर्ट्झला बिट क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झच असतं, पण त्याच्या कडा फार जलद असतात. तीस सेंटीमीटरच्या रिबनवर मला अधूनमधून ‘टक्’ ऐकू यायचं. तार तोडून आठ सेंटीमीटर केली आणि ३३ ओहमचे रेझिस्टर पायच्या बाजूला मालिकेत घातले, तेव्हा ते बंद झालं. रास्पबेरी पाय मास्टर क्लॉक, म्हणजे बिट क्लॉकखेरीजचं वेगळं मुख्य क्लॉक, देत नाही. वरच्या चिप बिट क्लॉकवरून आपलं क्लॉक बनवतात, म्हणून चालून जातं. ज्या जुन्या चिपला मास्टर क्लॉक लागतं ती पायला जोडण्याच्या फंदात पडू नका.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडू नका. ८.२ ओहम, १० वॅटचे सिमेंट रेझिस्टर लावा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतील. बेंच सप्लाय असेल तर करंटची मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवा, पण रास्पबेरी पायलाही तोच सप्लाय असेल तर थोडी वाढवा. आउटपुटच्या दोन टोकांमध्ये डीसी मोजा, काही मिलिव्होल्टच असायला हवं. मग व्हॉल्यूम बघा. डिजिटल ॲम्प्लिफायरला हाताने फिरवायची खुंटी नसते, आणि नव्या सिस्टिमवर बोर्डचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पहिल्यांदा उठतं तेव्हा व्हॉल्यूम पूर्ण असू शकतो. पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण, ३० वॅट. अल्सा, म्हणजे लिनक्सची आवाजाची व्यवस्था, तिच्या मिक्सरमध्ये तो उणे ४० डेसिबलला आणा, सेव्ह करा, पाय बंद करून परत चालू करा, आणि तोच राहिलाय याची खात्री झाल्यावरच स्पीकर जोडा. उंच सुरांचे नाजूक ट्वीटर यातच जळतात.

डिजिटल व्हॉल्यूमने तपशील जातो का, हे पुढचा प्रश्न म्हणून येईलच. २४ बिटांच्या साखळीत ६ डेसिबल कमी केले की एक बिट खाली सरकतो. १६ बिटांचं गाणं ४८ डेसिबल खाली आणलं तरी सगळे बिट शाबूत असतात. मर्यादा वेगळीच आहे: आउटपुटचा स्वतःचा खरखराट व्हॉल्यूमबरोबर कमी होत नाही. तो १०० मायक्रोव्होल्ट धरा. तुमच्या ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तो ऐकण्याच्या उंबऱ्याखाली राहतो. १०४ डेसिबलच्या हॉर्न स्पीकरवर तोच १५ डेसिबलला येतो आणि रात्री जवळ गेलं की सुस्कारा ऐकू येतो. हॉर्नवाल्यांनी सप्लाय २४ ऐवजी १२ व्होल्ट घेऊन बघावा, ताकद पुरून उरते.

एक चाचणी मला फार आवडते, तिला उपकरण लागत नाही. मिडियम वेव्हचा रेडिओ ॲम्प्लिफायरजवळ आणा. ३८४ किलोहर्ट्झच्या स्विचिंगची दुसरी हार्मोनिक ७६८ वर पडते, आणि आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आहे, अगदी शेजारी. बोर्डपासून मीटरभर अंतरावर स्टेशन नीट लागलं तर तुमचा फिल्टर आणि वायरिंग दोन्ही चांगली आहेत. स्पीकरच्या वायरीजवळ नेताच रेडिओ गुरगुरायला लागला तर वायरी पीळ घालून घ्या आणि कॉइलपासून टर्मिनलपर्यंतचं अंतर कमी करा.

वडिलांचा रेकॉर्ड प्लेयर जोडता येईल, पण त्याला आधी सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीॲम्प आणि मग ॲनालॉगचे आकडे करणारी एडीसी लागेल. पीसीएम१८६३ सारखी चिप असलेला बोर्ड आयटूएस देतो. रेकॉर्डचा स्वतःचा खरखराट एडीसीच्या कितीतरी वर असतो, म्हणून तबकडी ‘डिजिटल झाली’ म्हणून मन मारू नका. एडीसीची पातळी मात्र ओरखड्यांच्या शिखरांसाठी १०-१२ डेसिबल मोकळी सोडा. वडिलांना फक्त तबकड्याच ऐकायच्या असतील तर त्यांच्यासाठी टीपीए३११६ चा ॲनालॉग बोर्ड वेगळा बांधणं जास्त सरळ आणि स्वस्त आहे, आणि खुंटी फिरवायचं सुखही त्यांना मिळेल.

डिजिटल इनपुटचा खरा फायदा कुठे आहे ते सांगायचं राहिलं, आणि माझ्या मते तुम्ही मेहनत तिथे घालावी. टीएएस५८२५एमचे दोन बोर्ड घ्या, प्रत्येक स्पीकरला एक. बोर्डचा एक चॅनेल वूफरला, दुसरा ट्वीटरला. दोन्ही बोर्डांना एकच आयटूएस द्या, एकाला डावा आवाज निवडायला सांगा, दुसऱ्याला उजवा. खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटणारा, स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर काढून टाका आणि विभागणी डीएसपीत करा. आता कॉइल आणि कंडेन्सरच्या ढिगाऱ्यातून न जाता वूफर आणि ट्वीटर दोन्ही सरळ ॲम्प्लिफायरच्या हातात येतात. विभागणीची जागा, उतार, ट्वीटरची पातळी, दोघांमधला मिलिसेकंदाच्या अंशाचा उशीर, सगळं माउसने बदलून त्याच क्षणी ऐकता येतं. साधा मोजणीचा माइक आणि आवाज मोजणारं आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर असलं की एका रविवारी असा फरक पडतो, जो चिप बदलून मला कधी मिळाला नाही. ट्वीटरच्या मालिकेत ३३ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर राहू द्या. ८ ओहमला तो ६०० हर्ट्झच्या खालचं अडवतो, २,५०० हर्ट्झच्या विभागणीत लुडबुड करत नाही, आणि चालू-बंद होतानाच्या ‘फट्ट’पासून किंवा चुकून भलतीच फाइल लोड झाली तर ट्वीटरला वाचवतो.

पीसीबी स्वतः काढायचा आहे ना, तो दुसऱ्या खेपेला काढा. तोवर तयार बोर्ड वापरून तुमच्याकडे तुलनेला एक चालू नमुना असेल. चार थर परवडत नसतील तर दोन थरांवरही होतं, पण खालचा थर अखंड ग्राउंड ठेवा, त्यात एकही ट्रॅक फाडू नका. सप्लायचे सिरॅमिक कंडेन्सर चिपच्या पायांपासून दोन-तीन मिलिमीटरवर बसवा, कारण स्विचिंगचा जलद करंट तिथूनच फिरतो. चिपखालच्या पॅडला भरपूर व्हाया, म्हणजे थर जोडणारी धातूची छिद्रं, द्या, उष्णता तिथूनच खाली उतरते. डेटाशीटमध्ये कंपनीने दिलेली मांडणी आहे तशी उतरवा, पहिल्या बोर्डवर आपली कल्पकता दाखवू नका. आणि मागवताना पाच बोर्ड येतात, तेव्हा दोन भरा, एक पूर्ण आणि एक फक्त सप्लायच्या भागापुरता. दुसऱ्यावर आधी सगळी व्होल्टेज मोजून घ्या, मगच पहिल्याला वीज द्या.